आदर्शाचे घात

पालघरच्या शाळेत मी रुजू झाले त्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं, तर एक गृहस्थ भिंतीच्या कोपऱ्याकडे तोंड करून जमिनीवर उकिडवे बसलेले. पन्नाशीला टेकलेले, पांढरी पँट, पोटरीला सायकलची क्लिप अजून तशीच. खोलीत आणखी तीन-चार शिक्षक होते. कुणी वह्या तपासत होतं, कुणी पानाला चुना लावत होतं. कोपऱ्यातल्या माणसाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मला वाटलं, बिचाऱ्यांचं काहीतरी पडलंय. पुढं होऊन विचारलं, "काही हरवलंय का?"

ते न वळता म्हणाले, "नाही बाई. सापडलंय."

ही माझी आणि दामोदर सावे सरांची पहिली भेट.

आम्ही मूळचे कराडकडचे. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं, माझ्या यजमानांना तिथं सुपरवायझरचं काम मिळालं आणि आम्ही बोईसरला दोन खोल्या घेतल्या. तेव्हाचं बोईसर म्हणजे एक स्टेशन, भोवती गवताच्या गंजी, आणि रोज गाडीतून उतरणारी नवी माणसं. शेजारी बिहारी वेल्डर, पलीकडे मद्रासी फिटर. नळावरची भांडणं हिंदीत चालायची आणि माझी हिंदी भांडण्याइतकी नव्हती. घरात बसून कंटाळले, म्हणून पालघरच्या शाळेत मराठी शिकवायला लागले.

सरांनी मला त्याच दिवशी मधल्या सुट्टीत धरलं. गणिताशी माझा संबंध मॅट्रिकला संपला, हे मी सांगून पाहिलं. "मग तर फार बरं," ते म्हणाले, "तुमच्या डोक्यात चुकीचं काही भरलेलं नसणार." आणि त्यांनी मला त्या कोपऱ्यापुढं उभं केलं.

दोन भिंती आणि जमीन. दोन भिंती एकमेकींना मिळतात तिथं एक उभी कड. प्रत्येक भिंत जमिनीला टेकते तिथं एकेक आडवी कड. अशा तीन कडा, आणि तिन्ही भेटतात तो कोपरा. आता बीजगणितातल्या अशा राशी शोधायच्या, की ज्यांची किंमत या कडांवर कुठंही काढली तरी शून्यच येते. अशा सगळ्या राशींचं मिळून एक कुटुंब होतं. त्या कुटुंबाला इंग्रजी पुस्तकांत 'आयडियल' म्हणतात, त्याचं सरांनी शब्दकोश उघडून सरळ मराठी केलं होतं. आदर्श.

या आदर्शाचा घात, म्हणजे वर्ग, घन वगैरे, दोन तऱ्हांनी करता येतो. वर्ग करायचा तर साधी तऱ्हा अशी, की कुटुंबातले कुणीही दोघे घ्यायचे, त्यांचा गुणाकार करायचा, आणि असे गुणाकार हवे तेवढे एकमेकांत मिळवायचे. हा साधा घात. दुसऱ्या तऱ्हेत गुणाकार विसरायचा. नुसतं कडेवर जाऊन बघायचं, की राशी तिथं एकेरी शून्य होते की दुहेरी. क्ष शून्याकडे निघाला, की क्ष-वर्ग त्याच्या दुप्पट घाईनं तिथं पोचतो, ते दुहेरी शून्य. कडांवर सगळीकडे असं दुहेरी शून्य होणाऱ्या राशी सांकेतिक घातात.

"साध्यातला प्रत्येक जण सांकेतिकात असतोच," सर म्हणाले. "प्रश्न एवढाच, की सांकेतिकातला प्रत्येक जण साध्यात असतो का?"

"असतो का?"

"असतो. एका कडेचं मी सिद्ध केलंय. दोन कडांचंही झालंय. तिसरी तशीच."

मला त्यातलं निम्मं कळलं. कोणतं निम्मं, ते मात्र सांगता आलं नसतं. पण त्या दिवसापासून शाळेतली एकमेव श्रोती म्हणून माझी नेमणूक झाली. बाकीचे शिक्षक आपापल्या पाळ्या आधीच भरून मोकळे झाले होते.

सर माहीमचे. मुंबईतलं नव्हे, केळव्याजवळचं आमचं माहीम. घरची पानवेलींची वाडी. मुंबईला राहून एम.एस्सी. झाले होते आणि पुढं संशोधनालाच राहायचे, पण वडील गेले आणि वाडी सांभाळायला परत यावं लागलं. वाडी त्यांनी कधीच सांभाळली नाही. ती सांभाळली यमुनावहिनींनी, त्यांच्या पत्नीनं. माणसं लावणं, उंच गेलेल्या वेली खाली उतरवणं, पानांचे करंडे स्टेशनवर धाडणं, दलालांशी बोलणं, सगळं त्या बघत. सर वाडीतून फक्त एक गोष्ट शाळेत आणत, ती म्हणजे केळीच्या पानात बांधलेला विड्याच्या पानांचा पुडा. स्वतः पान खात नसत. त्यामुळं आमच्या शिक्षकांच्या खोलीत गणिताचे शिक्षक सोडून सगळ्यांचे ओठ लाल असत.

माहीमहून शाळेत ते सायकलवर येत. पण वाटेत काही सुचलं की खाली उतरत आणि सायकल हातात धरून चालू लागत, कारण एकदा सुचता सुचता ते सायकलसकट खाजणातल्या चिखलात गेले होते. त्यामुळं सर वेळेवर आले, तर मुख्याध्यापक जोशी म्हणत, "आज काही नाही वाटतं." आणि घामाघूम होऊन प्रार्थनेनंतर पोचले, की जोशी त्यांच्या पहिल्या तासावर दुसऱ्या कुणाला तरी पाठवत. एक दिवस सर चालत आले ते सायकलशिवायच. ती वाटेतल्या पाणपोईला टेकवून ठेवली होती आणि पुढं विचार चांगला चालला होता. शिरगावचा एक दूधवाला ती संध्याकाळी आणून देऊन गेला. ही सायकल कुणाची हे त्याला विचारावंही लागलं नव्हतं.

वर्गात त्यांचा एकच कडक नियम होता. उत्तरात "हे उघड आहे" असं लिहायचं नाही. "उघडं दार असतं," ते म्हणत. "उघडं डोकं असतं. गणितात उघड काही नसतं. जिथं तुम्ही उघड म्हणता तिथं तुम्ही बघितलेलं नसतं." पोरांनी हे वाक्य तोंडपाठ केलं होतं. एकदा इतिहासाच्या तासाला एका मुलानं उत्तर दिलं नाही, तेव्हा त्या शिक्षकांनी त्याला सांगितलं की पानिपतावर मराठे हरले हे तर उघड आहे. मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, बघितलंय का तुमी?" छडी त्यानं खाल्ली आणि समजूत सावे सरांना काढावी लागली, इतिहासाच्या शिक्षकांची.

मुंबईत त्यांचे एक एम.एस्सी.चे सोबती प्राध्यापक झाले होते. त्यांच्या ओळखीनं सर अधूनमधून तिथल्या ग्रंथालयात जाऊन बसत. एका जर्मन पुस्तकासाठी ते शब्दकोश लावून जर्मनही शिकले होते. पण ते जर्मन असं, की त्यात सिद्धता मांडता आली असती, पाणी मागता आलं नसतं. त्या सोबत्यानं एकदा त्यांना बोलावणं धाडलं, की तुझं ते दोन्ही घात सारखेच असल्याचं काम इथं येऊन दहा-बारा जणांपुढं मांड.

त्या आठवड्यात सर रोज चालत आले. वहिनींनी कोट उन्हात टाकला, बटणं शिवली, आणि प्राध्यापकांसाठी पानांचा मोठा पुडा बरोबर दिला. विद्वान माणसं म्हटली की जेवून येणार आणि जेवली की पान लागणार, असा त्यांचा हिशेब.

पुढं जे झालं ते खुद्द सरांनीच आम्हाला सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तितक्याच आनंदानं सांगितलं. भाषण छान चाललं होतं. एका कडेची सिद्धता झाली. दोन कडांची झाली. समोरचे मान डोलावत होते. मग सर खडू हातात घेऊन म्हणाले, "तिसरी कडही तशीच, हे उघड आहे."

आणि थांबले. समोर कुणीच काही म्हटलं नव्हतं. पण आपल्या तोंडून काय गेलं, ते त्यांच्या कानांनी ऐकलं होतं. वर्गात एखाद्या पोरानं हे लिहिलं असतं, तर त्यांनी वही परत केली असती. ते तसेच फळ्यापासून निघाले, सभागृहाच्या कोपऱ्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसले. प्राध्यापक मंडळींना वाटलं, यांना घेरी आली. एक जण पाणी आणायला धावला.

सरांनी कोपऱ्यात बसून एवढंच केलं. दोन भिंती आणि जमीन, तिघांच्या तीन राशी घेऊन त्यांचा गुणाकार केला. कुठल्याही कडेवर गेलं, तर तिथं तिघांतले दोघे एकदम शून्य होतात. म्हणजे तिन्ही कडांवर सगळीकडे दुहेरी शून्य. म्हणजे हा गुणाकार सांकेतिक वर्गात पक्का. मग तो साध्या वर्गात आहे का? तर त्या कुटुंबातल्या कुणाच्याही कुठल्याही पदात निदान दोन अवयव असायलाच हवेत, नाहीतर तो तिन्ही कडांवर शून्य होणार नाही. अशा दोघांचा गुणाकार केला की अवयव झाले निदान चार. आणि इथं आहेत तीन.

बे दुणे चार, आणि हातात तीन. कित्येक वर्षांचं काम पहिलीच्या पाढ्यावर आपटलं होतं.

सर उठले, पाणी प्यायले, फळ्यापाशी आले, सगळा फळा पुसला आणि ते तीन अवयव लिहिले. "माझं म्हणणं खोटं आहे," ते म्हणाले, "आणि ते का खोटं आहे हे मी आता सिद्ध करतो." उरलेल्या वेळात त्यांनी स्वतःचा सिद्धांत रीतसर मोडून दाखवला. नंतर एका वयस्कर प्राध्यापकांनी त्यांना हळुवारपणे सांगितलं, की दोन घातांत असा फरक पडतो हे परदेशात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सर म्हणाले, "अरे वा. म्हणजे मी एकटाच नाही."

सोमवारी ते शाळेत पेढे घेऊन आले. जोशींनी पेढा तोंडात टाकून त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मग, सिद्ध झालं ना?"

"मोडलं," सर म्हणाले. "अगदी स्वच्छ मोडलं. आणखी एक घ्या."

जोशींच्या तोंडातला पेढा तसाच राहिला. गिळावा तर अभिनंदन होणार, न गिळावा तर सांत्वन करावं लागणार. शेवटी त्यांनी तो डोळे मिटून गिळला.

त्या संध्याकाळी मी बोईसरच्या गाडीसाठी निघाले, तेव्हा सर शाळेच्या पायरीवर बसले होते. सायकल शेजारी. मी म्हटलं, निघायचं नाही का. ते म्हणाले, "बाई, पहिल्या दोघींना मी किती विचारलं. तिसरीला कधी विचारलंच नाही हो." एवढं एकदाच. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर घामाघूम होऊन आले, तेव्हा आम्हा सगळ्यांना बरं वाटलं.

कारण आता नवा प्रश्न आला होता. दोन घात सारखे नाहीत, ठीक. मग ते एकमेकांपासून किती लांब? सांकेतिकाला किती पुढं जाऊ दिलं, म्हणजे तो साध्याच्या आत येतो? या तीन कडांपुरतं त्यांना लवकरच सापडलं. सांकेतिक दुसरा घात साध्या दुसऱ्यात मावत नाही, पण सांकेतिक तिसरा मावतो. हे इतकं सुंदर आहे, की गावाला सांगितलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. नेमकं तेव्हाच माहीमच्या वाचनालयानं त्यांना वार्षिक व्याख्यानाला बोलावलं होतं.

विषय त्यांनी लिहून दिला : आदर्शाचे साधे आणि सांकेतिक घात. पेंटरच्या फळीवर तेवढी जागा नव्हती. पालघर स्टेशनच्या रस्त्यावर फळी लागली ती अशी : "आदर्शाचा घात. वक्ते : श्री. दामोदर सावे. अध्यक्ष : श्री. तात्यासाहेब."

तात्यासाहेब म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. माणूस मुळातला खोटा नव्हता. बेचाळीसच्या चळवळीत तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला, अजून खादी वापरणारा. पण पुढं गवताच्या धंद्यात पडले. कापलेलं गवत दाबून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं, हा आमच्या भागातला मोठा धंदा. त्यांच्या वखारीत जागा कमी पडली, तेव्हा एका हंगामापुरते म्हणून त्यांनी गठ्ठे शाळेच्या मैदानावर रचले. हंगाम गेला, गठ्ठे राहिले, त्यांवर नवे चढले. पोरं रस्त्यावर खेळू लागली. कोण बोलणार? बोललेल्या एका ड्रिल मास्तरांना दुसऱ्या गावी नोकरी शोधावी लागली होती.

फळी वाचून जोशी माझ्याकडे आले. चेहरा पांढरा. "बाई, तुम्ही मराठीच्या. त्यांना एखादा दुसरा शब्द सुचवा. गावभर झालंय, की सावे सर तात्यासाहेबांची समोर बसवून हजेरी घेणार."

मी सरांकडे गेले. घाताऐवजी बळ म्हणा, शक्ती म्हणा, असं सुचवलं. सरांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "घाताला घात नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? पाचवा घात म्हणतो आपण, पाचवं बळ म्हणत नाही." मग आदर्श तरी बदला, म्हटलं. ते म्हणाले, "त्यालाच बदललं तर घात कुणाचा करू?" मग मी धीर करून मैदानाचं आणि तात्यासाहेबांचं सांगितलं. ते विचारात पडले. मला वाटलं, जमलं. ते म्हणाले, "तात्यासाहेबांना बीजगणितात रस आहे हे मला ठाऊक नव्हतं."

व्याख्यानाला माहीमच नाही, केळवं, शिरगाव, पालघर, सगळीकडून माणसं आली. वाचनालय पुरेना, म्हणून देवळापुढच्या पटांगणात बैठक घातली. यमुनावहिनी बायकांत पुढं बसल्या होत्या. शेजारणी त्यांच्याकडे जरा काळजीनं बघत होत्या. एकीनं विचारलं, "वयनी, कोनाचा घात म्हनतात तुमचे?" वहिनी म्हणाल्या, "कोनाचा करतील? त्यांना मुंगी मारवत नाय." तात्यासाहेब मंचावर मध्यभागी, काठीवर दोन्ही हात ठेवून. जोशी शेवटच्या रांगेत, वाटेजवळ.

सर उभे राहिले. "मित्रहो, आदर्शाचा घात दोन प्रकारचा असतो," त्यांनी सुरुवात केली. "साधा घात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो. कोण कोणाबरोबर मिळून काय करतो, हे कागदावर मांडून दाखवता येतं. सांकेतिक घात तसा दिसत नाही. तो ओळखायला प्रत्यक्ष जागेवर जाऊन उभं राहावं लागतं."

जोशी बसल्या जागी वाटेकडे जरा सरकले.

"लांबून पाहिलं, तर वाटतं सगळं ठीक आहे. जागेवर जावं, तर शून्य. नुसतं शून्य नाही, दुहेरी शून्य."

मागून एकानं टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. सरांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. मग ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी आपला लाडका कोपरा काढला, तीन कडांचा. मैदानाच्या ज्या कोपऱ्यापासून गठ्ठे रचायला सुरुवात झाली होती, त्या कोपऱ्यावाचून दुसरं काही त्यात कुणालाही दिसलं नाही. "या कोपऱ्यात काय दडलंय ते मला कित्येक वर्षं दिसलं नाही," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. "कारण मी बघितलंच नाही. उघड आहे म्हणून सोडून दिलं. चूक माझीच आहे."

माझ्या शेजारची बाई पदरानं डोळे पुसू लागली. तात्यासाहेब जमिनीकडे बघत होते.

"पण निराश व्हायचं कारण नाही. सांकेतिक घात निसटतो असं वाटतं, पण त्याला जरा पुढं जाऊ द्यावं. तो दुसऱ्या पायरीवर सापडत नाही. तिसऱ्या पायरीवर मात्र साध्याच्या आत सापडतो. सापडतोच. हे मी सिद्ध केलं आहे."

यावर जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा त्या पटांगणात कीर्तनालाही झाला नसेल. सर हरखून गेले. माझ्या गावाला बीजगणिताची एवढी गोडी असेल असं वाटलं नव्हतं, असं ते नंतर मला म्हणाले. मी त्यांना काही सांगितलं नाही.

अध्यक्षीय भाषणाला तात्यासाहेब उठले. काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "सर बोलले ते सगळं मला कळलं असं नाही. पण जे कळलं ते लागलं." आणि खाली बसले. जोशी तोवर वाटेला लागले होते.

आठवड्याच्या आत मैदान रिकामं झालं. बैलगाड्या येऊन गठ्ठे घेऊन गेल्या. वखारीत जागा नव्हतीच, म्हणून तात्यासाहेबांच्या अंगणात, ओटीवर, गोठ्यात, मिळेल तिथं गठ्ठे रचले गेले. पोरं मैदानावर अशी सुटली, की दोन दिवस वर्ग भरवणं कठीण झालं.

इथं हे संपायला हवं होतं. पण सरांना चैन पडेना. अध्यक्षांनी इतक्या मनापासून ऐकलं, आणि वेळेअभावी आपण त्यांना तिसऱ्या पायरीची सिद्धता दाखवलीच नाही, ही रुखरुख त्यांना लागली. ते तात्यासाहेबांच्या घरी निघाले. जोशींनी मला जवळजवळ ढकलूनच त्यांच्याबरोबर धाडलं. "काही झालं तर विषय बदला," एवढीच सूचना.

तात्यासाहेबांनी आमचं स्वागत केलं, पण बसायला जागा नव्हती. ओटी गवतानं भरलेली. सर म्हणाले, काही हरकत नाही. त्यांनी एक काडी घेतली, अंगणाच्या धुळीत कोपरा काढला आणि उकिडवे बसून सुरुवात केली. तात्यासाहेब आधी हात जोडून ऐकत होते. थोड्या वेळानं हात सुटले. मग तेही खाली वाकले आणि धुळीतले क्ष, य, झ बघू लागले.

"सर," ते सावकाश म्हणाले, "हे गणित आहे?"

"दुसरं काय असणार?"

"त्या दिवशीचंही?"

"तेच हे. त्या दिवशी एवढी सिद्धता राहिली होती."

तात्यासाहेबांनी मान वर करून ओटीकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, गठ्ठ्यांच्या मागं अर्ध्या झाकलेल्या स्वतःच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बाई, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मी हो म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"आणि गावाला?"

"गावाला नाही."

मी विषय बदलायला काहीतरी शोधत होते, पण काही सुचण्याआधीच तात्यासाहेबांचं पोट हलायला लागलं. ते हसले ते असे, की टोपी धुळीतल्या कोपऱ्यावर पडली आणि सरांची एक कड पुसली गेली. डोळे पुसत ते म्हणाले, "गावाला कळायला नको. आणि गठ्ठे आता परत नेले, तर तो मात्र खरोखरचा घात होईल."

सरांनी पुसलेली कड पुन्हा काढली आणि मनापासून विचारलं, "कोणता? साधा की सांकेतिक?"

"साधा," तात्यासाहेब म्हणाले. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

"मग तो सांकेतिकही झालाच," सर म्हणाले, आणि सिद्धतेकडे वळले. तात्यासाहेबांनी ती शेवटपर्यंत ऐकली. माझ्यानंतर मिळालेला हा त्यांचा दुसरा श्रोता. पुढं कधीकधी सर उशिरा येत ते तात्यासाहेबांच्या अंगणातून, आणि जोशींना त्याबद्दल काही म्हणता येत नसे.

तारापूरचं काम पुरं झालं, केंद्रातून वीज येऊ लागली आणि बांधकामावरची माणसं पांगू लागली. वेल्डर गेला, फिटर गेला. आमच्याही यजमानांना दूरच्या एका कामावर बोलावणं आलं. सामान बांधून झाल्यावर निरोप घ्यायला म्हणून एका दुपारी मी माहीमला गेले.

सरांच्या वाडीत मी आधी कधी गेले नव्हते. नारळी-पोफळींच्या आत पानवेलींची गर्द सावली, पाटाचं पाणी, आणि त्याच्या पलीकडे घर. फाटकाशी पोचले तो सरांचा आवाज आला. ते पडवीच्या पायरीवर बसून बोलत होते. हवेत बोटानं काहीतरी काढत होते. समोर यमुनावहिनी करंडा घेऊन पानं निवडत होत्या. डागाळलेलं इकडे, चांगलं तिकडे. हात एकसारखे चालू होते आणि मान खाली होती. पण सर थांबले, की मान न उचलता त्या म्हणत, "मंग?" आणि सर पुढं निघत.

मी हाक मारणार होते. पण सर मोठ्या अडचणीच्या जागी आले असावेत. त्यांचं बोट हवेतच थांबलं, आवाज खाली गेला. मग ते म्हणाले, "नाही. हा रस्ताही बंद."

वहिनींनी एक पान उजेडात धरून पाहिलं आणि चांगल्यांत ठेवलं.

"मंग?"

"मग काय. परत पहिल्यापासून."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि करंडा जरा जवळ ओढून घेतला. "सांगा."